रस्ता कोणाचा? नेदरलँड्समधील सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्या संघर्षाचा इतिहास

गोषवारा

'सायकलींचा देश' असा नेदरलँड्सचा उल्लेख नेहमी होतो. त्याचे श्रेय तेथील सपाट भूमीला किंवा लोकांच्या शिस्तीला दिले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची ऐतिहासिक तपासणी केली आहे. विसाव्या शतकात या देशातही सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यात तीव्र संघर्ष झाला आणि काही काळ त्यात सायकलस्वारांची पीछेहाट झाली. हा संघर्ष रस्त्यावरील शिष्टाचाराने मिटला नाही. रस्त्याचा खर्च कोणी द्यायचा, चौकात कोणी थांबायचे आणि अपघाताची हानी कोणी सोसायची, या तीन प्रश्नांची उत्तरे जसजशी बदलली तसतसे त्याचे स्वरूप बदलले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सायकल, मोटार, नागरी वाहतूक, सायकल कर, दायित्व, जनआंदोलन, नेदरलँड्स.

१. प्रस्तावना

वाहतुकीचा इतिहास बहुधा वाहनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बैलगाडी, घोडागाडी, सायकल, मोटार असा क्रम लावला की प्रगतीची एक सरळ रेषा तयार होते आणि मागील वाहन पुढील वाहनासाठी आपोआप जागा सोडते असा भास होतो. प्रत्यक्षात जुनी वाहने रस्त्यावरून नाहीशी होत नाहीत. वेग, वजन आणि किंमत यांत मोठे अंतर असलेली वाहने दीर्घकाळ एकाच रस्त्यावर चालतात. त्यांतील दुर्बल घटकाला किती जागा मिळावी हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच सत्तेचा असतो. नेदरलँड्सचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण तेथे हा प्रश्न एकदा सुटला असे वाटल्यानंतरही वारंवार नव्या रूपात उभा राहिला.

२. सायकलस्वारांची संघटना आणि मोटारीचा उदय

१८८३ मध्ये नेदरलँड्समधील हौशी सायकलस्वारांनी एक संघटना स्थापन केली. पुढे ती 'सर्वसाधारण डच सायकलस्वार संघ' म्हणजे 'एएनडब्ल्यूबी' या नावाने प्रसिद्ध झाली. चांगले रस्ते, दिशादर्शक फलक आणि प्रवासाची माहिती या तिच्या आरंभीच्या कार्याच्या दिशा होत्या. त्या काळी सायकल हे सुखवस्तू वर्गाचे वाहन होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सायकल स्वस्त झाली आणि कामगार, कारकून, विद्यार्थी यांच्या हाती आली. सुखवस्तू वर्ग मात्र मोटारीकडे वळला. त्याच्याबरोबर संघटनेचा कलही बदलत गेला आणि कालांतराने ती प्रामुख्याने मोटारधारकांची संघटना म्हणून ओळखली जाऊ लागली. नावात सायकलस्वार आणि कार्यात मोटार, ही विसंगती पुढे १९७० च्या दशकात वादाचा विषय झाली.

राज्यसंस्थेनेही आरंभी या दोन वाहनांचा एकत्रच विचार केला होता. १९०५ चा कायदा 'मोटार व सायकल कायदा' या नावाचाच होता. घोडागाडी आणि पादचारी यांच्या तुलनेत दोन्ही वाहने वेगवान आणि उपद्रवी मानली जात असत. मोटारींची संख्या वाढल्यावर ही जोडी फुटली आणि एकाच कायद्यातील दोन घटक परस्परांचे प्रतिस्पर्धी बनले.

३. कराचा बिल्ला

१९२४ मध्ये नेदरलँड्सच्या शासनाने सायकलीवर कर बसविला. त्या वेळी हेन्ड्रिक कोलाइन हे अर्थमंत्री होते. प्रत्येक सायकलीमागे आरंभी वर्षाला ३ गिल्डर घेऊन धातूचा बिल्ला देण्यात येई आणि तो सायकलीवर लावणे बंधनकारक होते. मोटार मोजक्या कुटुंबांकडे, तर सायकल लक्षावधी लोकांकडे असल्यामुळे या कराचा भार सामान्य माणसावर पडला. गरिबांना व बेकारांना विनामूल्य बिल्ला मिळे, परंतु त्याला ओळखीसाठी भोक पाडलेले असे. म्हणजे सवलत मिळाली तरी दारिद्र्याची खूण सर्वांना दिसेल अशी मिरवावी लागे.

१९२६ च्या कायद्याने रस्तेबांधणीसाठी स्वतंत्र निधी निर्माण झाला आणि मोटार कराबरोबर सायकल कराचे उत्पन्नही त्यात जमा होऊ लागले. या काळात रस्त्यांचे जे जाळे उभे राहिले त्यात केवळ मोटारींसाठी राखीव असलेल्या महामार्गांचाही समावेश होता. हेग-उट्रेख्त महामार्गाचा पहिला टप्पा १९३७ मध्ये खुला झाला. सायकलस्वाराने कर द्यावा आणि त्याला प्रवेश नसलेला रस्ताही त्याच निधीच्या काळात तयार व्हावा, हा या व्यवस्थेतील अंतर्विरोध होता. हा कर लोकांना कधीच प्रिय झाला नाही. तो १९४१ मध्ये रद्द झाला, परंतु रद्द करणारे शासन जर्मन आक्रमकांचे होते. सायकलस्वार कर देत नाही, म्हणून रस्त्यावर त्याचा हक्क दुय्यम, हा युक्तिवाद आजही अनेक देशांत ऐकू येतो. त्याचे ऐतिहासिक उत्तर या प्रकरणात सापडते. येथे सायकलस्वाराने कर दिला, तरी रस्ता त्याचा झाला नाही.

४. मोटारींसाठी शहर

दुसऱ्या महायुद्धानंतर पुनर्बांधणी आणि आर्थिक भरभराट यांमुळे मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. १९५० मध्ये देशात सुमारे १ लाख ४० हजार मोटारी होत्या. १९७० मध्ये ही संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. शहरे मात्र मध्ययुगीन रचनेची होती. त्यामुळे शहरांनाच मोटारीच्या मापाचे करण्याच्या योजना पुढे आल्या. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या पोलीस प्रमुखांनी काही कालवे बुजवून तेथे रस्ते व वाहनतळ करण्याची कल्पना मांडली. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकी नियोजकाने जुन्या वस्त्या पाडून रुंद महामार्ग शहराच्या मध्यभागापर्यंत आणावेत अशी योजना सादर केली. या योजना अमलात आल्या नाहीत, परंतु त्यांमागील विचार प्रभावी होता. अनेक शहरांत जुने सायकलमार्ग काढून रस्ते रुंद करण्यात आले, चौकांचे वाहनतळ झाले आणि सायकलींचा वापर घटत गेला.

या विचाराला पहिला लक्षवेधी विरोध ॲमस्टरडॅममधील 'प्रोव्हो' या तरुणांच्या गटाने केला. १९६५ मध्ये लुड श्खिमेलपेनिंक यांच्या पुढाकाराने त्यांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली सर्वांच्या मुक्त वापरासाठी रस्त्यावर ठेवण्याची योजना मांडली. पोलिसांनी त्या सायकली जप्त केल्या. सायकल कुलूप न लावता ठेवणे नियमबाह्य आहे, हे त्याचे कारण होते. योजना व्यवहारात टिकली नाही. तथापि मध्यवर्ती शहरातील जागा ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्या वाटपाचा प्रश्न राजकीय आहे, हा विचार तिने रुजविला.

५. 'बालहत्या थांबवा'

१९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक लोक मरण पावले. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. शाळेत सायकलीने जाणारी पत्रकार व्हिक लांगेनहॉफ यांची मुलगी त्या वर्षीच्या मृतांपैकी एक होती. १९७२ मध्ये लांगेनहॉफ यांनी 'दे टाइड' या वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच 'बालहत्या थांबवा' असे होते. त्यातून त्याच नावाची चळवळ उभी राहिली. मार्त्ये फान पुटेन या तरुण मातेकडे तिचे नेतृत्व आले. पुढे त्या युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या.

या चळवळीने वापरलेला शब्द महत्त्वाचा आहे. 'अपघात' या शब्दात दैवाचा अंश असतो, तर 'हत्या' म्हटले की कर्ता शोधावा लागतो. मुलांनी सावध राहावे, हा तोवरचा उपदेश होता. दोष मुलांचा नसून रस्त्याच्या रचनेचा आहे, असे चळवळीने ठामपणे सांगितले. अपघातस्थळे अडविणे, सायकल मोर्चे काढणे, गल्ली बंद करून मुलांना खेळू देणे ही तिची साधने होती. आंदोलकांत माता-पिता आणि मुले असल्यामुळे त्यांना केवळ उपद्रवी ठरविणे प्रशासनाला सोपे नव्हते.

याच सुमारास तेलसंकट आले. नोव्हेंबर १९७३ ते जानेवारी १९७४ या काळात बहुतेक रविवारी खाजगी मोटारींना बंदी घालण्यात आली. रिकाम्या महामार्गांवरून सायकलस्वार आणि पादचारी फिरू लागले. रस्त्याचा दुसरा उपयोगही शक्य आहे, हे लोकांनी स्वतः अनुभवले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची नवी संघटना स्थापन झाली. तिने आपल्या नावात 'एकमेव खरा डच सायकलस्वार संघ' असा उपरोधिक शब्दप्रयोग केला. त्यावर जुन्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. मूळ नाव कोणाचे, या वादाआड सायकलस्वाराचे प्रतिनिधित्व कोणी करायचे हा खरा प्रश्न होता.

६. एका मार्गाकडून जाळ्याकडे

शासनाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हेग आणि टिलबर्ग या शहरांत स्वतंत्र सायकलमार्गांचे प्रयोग केले. हेगमध्ये व्यापाऱ्यांनी विरोध केला. मोटारी थांबल्या नाहीत तर गिऱ्हाईक येणार नाही, ही त्यांची भीती होती. या प्रयोगांतून एक धडा मिळाला. एखादा सुंदर मार्ग बांधल्याने त्या मार्गावर सायकली वाढतात, पण शहरातील एकूण सायकल प्रवास फारसा वाढत नाही. कारण मार्ग संपताच सायकलस्वार पुन्हा त्याच धोक्यात सापडतो. म्हणून १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहरात संपूर्ण जाळ्याची योजना राबविण्यात आली. शहर, विभाग आणि वस्ती अशा तीन स्तरांवर मार्ग परस्परांना जोडले गेले. त्याआधी १९७६ मध्ये 'वूनएर्फ' म्हणजे निवासी अंगणरस्ता या संकल्पनेला कायदेशीर मान्यता मिळाली होती. अशा रस्त्यावर मोटारीने पादचाऱ्याच्या गतीने जावे असा नियम झाला.

७. दायित्व आणि अग्रक्रम

रचनेइतकाच कायद्याचा इतिहास महत्त्वाचा आहे. सायकल कर आला त्याच दशकात डच कायद्याने मोटारधारकावर विशेष दायित्व टाकले. टाळता न येणारी परिस्थिती सिद्ध झाल्याशिवाय त्याला नुकसानभरपाईतून सुटका नव्हती. ही तरतूद पुढे १९९४ च्या वाहतूक कायद्याच्या कलम १८५ मध्ये आली. १९९० आणि १९९२ च्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयाने तिला धार दिली. १४ वर्षांखालील पादचारी वा सायकलस्वार बालकाला पूर्ण भरपाई आणि त्याहून मोठ्या व्यक्तीला स्वतःची चूक असली तरी किमान निम्मी भरपाई, असे सूत्र त्यातून प्रस्थापित झाले. हेतुपुरस्सर वा तत्सम बेदरकार वर्तनाचा तेवढा अपवाद ठेवण्यात आला. हे दायित्व शिक्षेचे नसून भरपाईचे आहे. जो धोका रस्त्यावर आणतो त्याने, म्हणजे व्यवहारात त्याच्या विम्याने, हानीचा भार उचलावा हे त्यामागील तत्त्व आहे.

याउलट चौकातील अग्रक्रम सायकलस्वाराला फार उशिरा मिळाला. फलक वा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, हा सर्वसाधारण नियम होता; पण सायकलस्वार उजवीकडून आला तरी मोटारीला थांबण्याचे बंधन नव्हते. १ मे २००१ पासून हा भेद संपला. जगात सायकलींसाठी नावाजलेल्या देशातही चौकातील कायदेशीर समानता एकविसाव्या शतकात आली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

८. न संपलेला संघर्ष

सायकलमार्ग झाल्यावर तणाव मिटला नाही, त्याने जागा बदलली. ताशी २५ किलोमीटर वेगमर्यादेच्या हलक्या मोपेड सायकलमार्गावर येऊ लागल्या आणि तेथे सायकलस्वार दुर्बल ठरला. ८ एप्रिल २०१९ पासून ॲमस्टरडॅमने शहराच्या मध्य भागात अशा मोपेडना मुख्य रस्त्यावर पाठविले. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील मृत सायकलस्वारांची संख्या प्रथमच मोटारीतील मृतांहून अधिक झाली. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. मोटारीतील प्रवासी जितक्या वेगाने सुरक्षित झाले तितक्या वेगाने सायकलस्वार झाले नाहीत.

९. भारतीय संदर्भ

हा इतिहास महाराष्ट्रातील वाचकाला अगदीच परका नाही. येथील अनेक नगरपालिकांनीही एके काळी सायकलीवर कर घेऊन बिल्ला दिला होता. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे आणि याच परिसरात स्कूटर व मोपेड यांचे कारखाने उभे राहिले. २००१ च्या जनगणनेत देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल आणि ११.७ टक्के कुटुंबांकडे स्वयंचलित दुचाकी होती. २०११ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ४४.८ आणि २१ टक्के झाले. सायकल घरातून गेली नाही. तिच्याभोवतीची वाहने वाढली.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वहनाला महत्त्व दिले. त्याच वर्षी पुण्यात जलद बससेवेच्या मार्गालगत सायकलमार्ग बांधण्यात आले आणि २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. सायकलमार्गावर मोटार चालवू नये असा नियम १९८९ पासूनच अस्तित्वात होता. तथापि तुटक मार्ग, त्यांवरील वाहनतळ आणि दुचाकींची घुसखोरी यांमुळे हे मार्ग अनेक ठिकाणी निरुपयोगी ठरले. टिलबर्ग आणि हेग यांचा धडा येथे लागू पडतो. दायित्वाच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये भरपाईची तरतूद केली. तत्त्वाच्या दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे असले तरी भरपाईची रक्कम ठरावीक आहे.

१०. निष्कर्ष

नेदरलँड्सच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सायकलींचे प्राबल्य ही भूगोलाची देणगी नाही. भूमी १९६० च्या दशकातही सपाटच होती, तरी सायकल मागे पडत होती. दुसरी, करभरणा आणि रस्त्यावरील हक्क यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. तिसरी, रचना, दायित्व आणि अग्रक्रम यांतील कोणतीही एक सुधारणा एकटी पुरेशी ठरत नाही. या तिन्ही सुधारणांमध्ये सुमारे पाऊण शतकाचे अंतर पडले आणि त्या अंतराची किंमत दुर्बलांनी मोजली. सायकलस्वार आणि मोटारचालक यांनी परस्परांशी समजुतीने वागावे, हा उपदेश योग्यच आहे. परंतु चूक झाली असता एकाची गाडी चेपते आणि दुसऱ्याचा जीव जातो, तेथे समजूतदारपणाचे ओझे दोघांवर सारखे टाकणे न्याय्य ठरत नाही. ही विषमता मान्य करून रस्त्याची रचना आणि कायदा करणे, हेच या इतिहासाचे सार आहे.