कलंदरी कोणाची? काळा घोडा ते गोडदेव

मुंबईच्या फोर्ट भागातील काळा घोडा परिसरात १९९९ पासून कला महोत्सव भरतो. कोरोनाकाळातला खंड सोडला तर तो चालूच आहे. आमच्या गोडदेवमधली काही मुले तो पाहून आली आणि भाईंदरला परतेपर्यंत लोकलमध्येच त्यांनी ठरवून टाकले की, भीमजयंतीला आपल्या गल्लीतही असा महोत्सव करायचा, आपल्या गाण्याबजावण्याचा इतिहास फलकांवर मांडायचा. मी महाविद्यालयात शिकवतो, म्हणून मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ते करताना पडलेले प्रश्न येथे मांडतो.

काळा घोडा हे नाव एका राजाच्या पुतळ्यावरून आले. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये तेथे उभारला गेला. १९६५ मध्ये तो हलवला. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. पुढे २०१७ मध्ये स्वाराविना घोडा तेथे बसवण्यात आला. या चौकाभोवती १९५२ मध्ये जहांगीर कलादालन झाले, १९६४ मध्ये त्यातच समोवार हे उपाहारगृह निघाले, जवळच ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान होते आणि वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर बसत. चित्रकार, कवी, वादक यांच्या कलंदरीचा हाच तो वारसा. समोवार २०१५ मध्ये आणि ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले. अड्डे मोडत गेले आणि त्यांचा उत्सव मात्र वाढत गेला, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

कोलटकरांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांच्या काळा घोड्याच्या कवितांत झाडूवाली आहे, पदपथावर न्याहारी करणारी माणसे आहेत. तरीही ती खिडकीच्या आतून पाहिलेली माणसे आहेत. याच चौकातल्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून परळच्या चाळीतला एक विद्यार्थी १९१२ मध्ये बी. ए. झाला. सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा २५ रुपयांवर शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्याला, भीमराव आंबेडकरांना, चहाच्या टेबलाशी दिवस घालवण्याची चैन परवडणारी नव्हती. कलंदर होण्यासाठी आधी सोडून देण्याजोगे काही तरी हाती असावे लागते. गोलपिठ्याच्या परिसरात वाढलेल्या, टॅक्सी चालवलेल्या नामदेव ढसाळांना कलंदर म्हणणारे समीक्षक हा फरक विसरतात. १९७२ च्या ‘गोलपिठा’तली वस्ती कवीने हौसेने निवडलेली नव्हती.

माझी खरी अडचण तमाशाच्या फलकापाशी झाली. मुलांना तो सर्वांत मोठा हवा होता. ढोलकी आपली, हलगी आपली, फड आपला, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. महार-मांगांच्या आणि कोल्हाट्यांच्या कलेवर हा रंगमंच उभा राहिला. पण ही कला जातीने वाट्याला आलेली होती आणि पाटलाच्या दारात ती वेठीसारखी करावी लागे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे ब्राह्मण. त्यांनी जात सोडून फड धरला, म्हणून त्यांची कलंदरी गाजली. त्यांच्याबरोबर उभी राहिलेली पवळा हिवरगावकर ही महार स्त्री. तिने कोणती जात सोडायची होती? बापूरावांचा त्याग चरित्राचा विषय झाला. पवळेचे नाव त्यांच्या नावाला जोडूनच घेतले गेले. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, अशी हकीकत चळवळीत सांगितली जाते. ती ऐकवली तेव्हा मुले गप्प झाली. एकाने विचारले, “सर, मग ढोलकी लावायची की नाही?”

याचे उत्तर आपल्या माणसांनी १९३० च्या दशकातच देऊन ठेवले आहे. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तो तमाशाच्याच साच्यातून, सत्यशोधक जलशाचा धडा घेऊन. ढोलकी राहिली, सवाल-जवाब राहिले, फार्स राहिला. शृंगार आणि देवाधर्माची स्तुती गेली; मेलेली जनावरे ओढू नका, मुले शाळेत घाला, हे आले. मुख्य म्हणजे नाचणारी बाई गेली. वाद्य ठेवून त्यामागची गुलामी काढून टाकण्याचा हा प्रयोग सभेला न येणाऱ्या माणसांपर्यंत गावोगाव पोहोचला. तरी एक खंत नोंदवली पाहिजे : बाई गेली ती अपमानातून सुटली खरी, पण रंगमंचावरूनही गेली. तिच्या पोटाचे काय, हे जलशाने फारसे विचारले नाही.

पुढचे फलक सोपे होते. माटुंगा लेबर कॅम्पमध्ये राहिलेले अण्णा भाऊ साठे, १९४४ चे लाल बावटा कलापथक, त्यात अमर शेख आणि गव्हाणकर. वामनदादा कर्डक. विलास घोगरेंच्या फलकावर मी थोडेच लिहिले : ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहाजण मेले आणि चार दिवसांनी या शाहिराने गळफास घेतला.

माझे आजोबा एका फडात ढोलकी वाजवीत. वडिलांनी हे आम्हाला कधी सांगितले नाही, मी एम. ए. होईपर्यंत मला ते ठाऊक नव्हते. मुलांना कुठून तरी कळले आणि आजोबांचे नाव फलकावर हवे, असा त्यांनी हट्ट धरला. मी वडिलांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाव घाला. फोटो नको. फेटा बांधलेला आहे त्यात, पाटलाने दिलेला.”

तमाशाच्या फलकावर मी पवळेचे नाव आधी लिहिले आहे, बापूरावांचे नंतर. समितीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना ते पटलेले नाही. बैठक रविवारी आहे.