तेलाचा भाव आणि गावची वाट

दोन मोटारवाले एकत्र आले, की पहिल्याने रस्त्याच्या नावाने बोटे मोडतात आणि मग पेट्रोलच्या भावाकडे वळतात. आमच्या नाटे गावच्या तिठ्यावरही निराळे काही घडत नाही. रिक्षावाले, टेम्पोवाले, फटफटीवाले आणि मासळीच्या गाडीची वाट पाहणारे, सगळ्यांच्या डोक्यात एकेक आकडा पक्का बसलेला असतो. बहुधा तो ज्याच्या-त्याच्या पहिल्या गाडीच्या वर्षाचा असतो, आणि तोच काय तो रास्त भाव, बाकी सारी लूट, अशी ज्याची-त्याची खात्री असते. एखादे वयोवृद्ध गृहस्थ तर गॅलनच्या हिशेबाने बोलतात. गॅलन म्हणजे साधारण साडेचार लिटर, हे ऐकणाऱ्या पोरांच्या ध्यानात येत नाही आणि वाद भलतीकडेच जातो.

पण या आकड्यांमागे एक इतिहास आहे, आणि रस्त्याच्या टोकाला बसून पाहिला तर तो शहरातल्याहून थोडा वेगळा दिसतो.

नाटे हे राजापूर तालुक्यातले खाडीकाठचे गाव. इथे यशवंतगडाचा कोट आहे, खाडीपलीकडे जैतापूर आहे, आणि अलीकडच्या किनाऱ्याने पुढे गेले की मुसाकाजी नि आंबोळगड लागतात. एके काळी आमच्या बाजूला येण्याचा खरा रस्ता म्हणजे समुद्र. मुंबईची आगबोट येई, माल आणि माणसे उतरवी, आणि पावसाळा लागला की चार महिने बंद! दिव्याला तेल हवे असे, ते मात्र घरच्याच झाडाचे. किनाऱ्यावर उंडीची झाडे पुष्कळ. त्यांच्या बिया वाळवून घाण्यावर तेल काढीत आणि ते जाळीत. त्याचा धूर फार, वास उग्र. पण त्याचा भाव ठरवायला कुणी परका बसलेला नव्हता. मग डब्यांतून रॉकेल आले. आमच्या घासलेट या शब्दात ‘गॅसलाइट’ दडलेला आहे आणि रॉकेलमध्ये ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकातले तेल. रिकाम्या डब्याची पाण्याची बादली झाली, पत्रा उलगडून कुणी गोठ्याला लावला. त्या डब्याबरोबरच आपल्या घरातला उजेड ब्रह्मदेशातल्या आणि त्याहून दूरच्या विहिरींना बांधला गेला, हे तेव्हा कुणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही.

ते कळले महायुद्धात. १९४१ साली पेट्रोलवर नियंत्रण आले, कुपने आली. पुढल्या वर्षी जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि एप्रिल १९४२ मध्ये येनांजाँगच्या तेलविहिरी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी स्वतःच उडवून दिल्या. मोटारवाल्याला आता भावाची चिंता उरली नाही, कारण पैसे मोजूनही तेल मिळेना. तेव्हा निघाल्या कोळशाच्या मोटारी. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती हसतात. गाडीच्या मागे पिंपाएवढी लोखंडी भट्टी बसवीत, तीत लाकडी कोळसा भरीत, आणि त्याला मुद्दाम अपुरी हवा देत, म्हणजे पुरता न जळता त्यातून पेट घेणारा वायू निघे. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. सर्व्हिस मोटार निघण्यापूर्वी बिचारा क्लीनर घामाघूम होईतो पंखा फिरवीत बसे. उतारूंचे कपडे काळे होत. पेट्रोलच्या मानाने या वायूची ताकद कमी, त्यामुळे घाट आला की गाडी धापा टाकी आणि उतारू खाली उतरून चालू लागत, क्वचित ढकलीतही. तिकीट बसण्याचे काढलेले आणि प्रवास पायी! हा वायू विषारी असे, तेव्हा बंद जागेत भट्टी पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. कोळसा कुठून येई? रानातून. त्या वर्षांत पेट्रोलची उणीव काही अंशी झाडांनी भरून काढली.

स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. लोक तेलाला जवळजवळ विसरले म्हणा ना! विसरता येईल इतके स्वस्त असणे, हेच त्या दशकांचे भाग्य.

ती झोप मोडली ऑक्टोबर १९७३ मध्ये. अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले पिंप जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या वर गेले. आपल्याकडेही भाव चढले. अटलबिहारी वाजपेयी नोव्हेंबरमध्ये निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. दिल्लीत ती बातमी झाली; आमच्याकडे बैलगाडी हे तेव्हाही निषेधाचे नव्हे, नुसते वाहन होते.

मात्र आमच्या गावात तेलाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक मोटारवाला नव्हेच, तो नौकावाला. शिडाच्या होड्या गेल्या, इंजिने आली, आणि वाऱ्याच्या जागी डिझेल विकत घ्यावे लागले. मच्छीमाराला राज्य सरकार डिझेलवरील कर परत देते हे खरे. पण पैसे आधी भरायचे आणि परतावा मागाहून, कधी तर पुष्कळच मागाहून. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक ग्राहकांची सवलत काढली, तेव्हा मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्याही घाऊकांत मोजल्या गेल्या आणि लिटरमागे दहाएक रुपये अधिक पडू लागले. एस.टी.च्या गाड्या सरळ रस्त्यावरच्या पंपावर जाऊन उभ्या राहिल्या. नौकेला चाके नसतात. कॅन भरायचे, टेम्पोत घालायचे, धक्क्यावर उतरायचे, आणि त्या टेम्पोचे डिझेलही मासळीवरच चढवायचे.

इथेच आमचे गाऱ्हाणे शहरी मोटारवाल्याहून निराळे होते. मी मोटारसायकल घेतली त्या दिवसांत माझ्या ओळखीच्या पंपाला जायचे म्हणजे राजापूर, पंचवीस-तीस किलोमीटरची वाट. जाऊन-येऊन लिटरभर तेल तेल आणण्यातच संपे! म्हणून दुकानामागच्या बाटलीतले पेट्रोल घ्यावे, तर त्यात रॉकेलचा वास. फलकावर न लिहिलेला हा भाव कुठल्याच वर्तमानपत्रात छापला जात नाही. डेपोपासून जितके दूर तितकी वाहतूक अधिक, हा सरकारमान्य हिशेब आहेच. दूरच्या परभणीचे नाव महाग पेट्रोलसाठी गाजले ते त्यामुळेच. पंपाच्या पुढची वाट मात्र ज्याची त्याने मोजायची.

पुढची हकिकत ताजी आहे. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने जग थांबले आणि अमेरिकेत एका दिवशी पिंपाचा सौदा शून्याच्याही खाली गेला. लोकांनी म्हटले, आता स्वस्ताई! मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये अबकारी वाढवली. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि एप्रिल २०२२ मध्ये ते १२० रुपये ५१ पैशांवर पोचले. पुढे केंद्राने आणि राज्याने कर थोडे उतरवले. करांचे हे गणित मी सातवीच्या वर्गात घातले, तर मुलांनी बरोबर सोडवले, आणि विचारले, “गुरुजी, मग तेलाचे पैसे किती?”

आणि मग तेलच आमच्या दारी येणार, अशी वार्ता आली. आधी नाणारचा कारखाना. तो २०१९ मध्ये रद्द झाला. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने केंद्राला कळवले, कारखान्यासाठी बारसू आणि कच्च्या तेलाच्या बंदरासाठी नाटे. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती तपासणीला बायामाणसे आडवी झाली. तिठ्यावर दोन तट पडले. मुलांना नोकऱ्या मिळतील असे काही म्हणत, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. शिकलेली पोरे मुंबईची गाडी धरतात, हे शिक्षकाला कुणी सांगायला नको. एकाने मात्र भाबडेपणाने विचारले, बंदर इथे झाले म्हणजे डिझेल तरी स्वस्त मिळेल ना? मी त्याला मुंबईचे उदाहरण दिले. तुर्भ्याचे कारखाने उशाशी असून २०२१-२२ साली चारही महानगरांत महाग पेट्रोल मुंबईकरच भरत होते. साखरी नाट्याचा एक तांडेल शेजारी बसून ऐकत होता. त्याचा हिशेब थोडक्यात होता: डिझेल चढले तर तो एक फेरी कमी करतो, जहाजांच्या वाटेत मासळीची जागाच गेली, तर कमी कशातून करायचे? एवढे बोलून तो कॅन उचलून उठला. टेम्पो सुटायची वेळ झाली होती.