मातीच्या थरांची साक्ष

जमिनींतून निघालेल्या वस्तूइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, तिच्या सभोंवतालची माती इतिहासाला उपयोगी पडते, ही गोष्ट आपल्याकडे बऱ्याच उशिरां ध्यानांत आली. नाणें वा मडकें संग्रहालयांत ठेवतां येतें. मातीचा थर मात्र खणतांनाच नाहींसा होतो. ज्या पोथीची दुसरी प्रत नाहीं, तिचें एकेक पान वाचून लगेच फाडून टाकावें, तसा हा उद्योग आहे. मागें उरते ती केवळ वाचणाराची नोंद.

मोहेंजोदडो येथील पहिल्या उत्खननांत एका ठराविक पातळीपासून खोली मोजून वस्तू नोंदविल्या गेल्या. परंतु समान खोली म्हणजे समान काळ नव्हे. टेकाडाच्या उतारावर थर तिरपे पडतात. आणि मागाहून आलेल्या लोकांनीं खणलेल्या पेवांतील वस्तु खोल असूनही अर्वाचीन असते. १९४४ सालीं पुराणवस्तुसंशोधन खात्याचे प्रमुख झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनीं हा दोष दाखविला. चौरस खड्डे घ्यावे, मध्यें मातीची भिंत न खणतां राखावी, तिच्या उभ्या कापांत रंग व पोत पाहून थर ठरवावे, त्यांस क्रमांक द्यावे आणि त्यांचें प्रमाणबद्ध चित्र काढावें, अशी त्यांची शिस्त होती.

या शिस्तीचें फळ लवकरच दिसलें. १९४५ सालीं पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथें इटलींतून आलेलीं तांबडीं भांडीं सांपडलीं. त्यांचा काळ ठाऊक असल्यामुळें, त्याच स्थळीं मिळालेल्या चक्रांकित नक्षीच्या भांड्यांचाही काळ ठरला. १९४७ सालीं म्हैसूर संस्थानांतील ब्रह्मगिरी येथें तींच नक्षीदार भांडीं वरच्या, आंध्रकालीन थरांत निघालीं. त्याखालीं महापाषाणी दफनें करणाऱ्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांचा थर होता व त्याहून खालीं दगडी कुऱ्हाडी वापरणाऱ्यांचा. ज्यांनीं एक अक्षरही लिहून ठेवलें नाहीं, अशा लोकांना इतिहासांत क्रमवार स्थान मिळालें.

महापाषाणी संस्कृतीचा आरंभ व्हीलरांनीं इसवी सनापूर्वीं सुमारें २०० वर्षें असा धरला होता. पुढें कार्बनच्या मापनानें तो कित्येक शतकें मागें गेला. दगडी कुऱ्हाडींचा काळ तर त्याहूनही मागें. वर्षें बदललीं, परंतु थरांचा क्रम ढळला नाहीं. संशोधकाचा तर्क चुकूं शकतो. पण थर जसे दिसले तसेच त्यानें काढून ठेविले असतील, तर ती चूक सुधारण्याचें साधनही तोच पुढीलांच्या हातीं देऊन जातो.