वेतन मिळाले, हक्क गेला : ब्रिटिश पोलिसांचे संप, १९१८–१९१९

ब्रिटनमधील पोलिसांच्या १९१८ व १९१९ मधील संपांचा उल्लेख बहुधा एकाच दमात केला जातो. वस्तुतः पहिला संप यशस्वी झाला व दुसरा पूर्णपणे फसला. या दोहोंमधील अकरा महिन्यांत एका प्रश्नाचा निकाल लागला : पोलिसांच्या वेतनाविषयी वाटाघाटी कोणी, कोणाशी व कोणत्या बळावर करावयाच्या? त्या निकालाचे स्वरूप येथे तपासावयाचे आहे.

पहिल्या महायुद्धातील भाववाढीने लंडनचा कॉन्स्टेबल जेरीस आला होता. पोलीस व तुरुंग-कर्मचारी यांची युनियन १९१३ पासून गुप्तपणे वाढत होती. सभासदत्व उघडकीस आले तर बडतर्फी ठरलेली. ऑगस्ट १९१८ मध्ये थील नावाच्या कॉन्स्टेबलला युनियनच्या कार्यावरून काढून टाकण्यात आले आणि ३० ऑगस्टला राजधानीतील हजारो पोलीस कामावर गेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी युनियनच्या पुढाऱ्यांना भेटीस बोलावले. आठवड्याला १३ शिलिंग वाढ, विधवांना निवृत्तिवेतन आणि थील यांची पुनर्नियुक्ती एवढे पदरात पडले. पोलीस आयुक्त सर एडवर्ड हेन्री यांना पद सोडावे लागले.

युनियनच्या मान्यतेचे मात्र काय? युद्ध चालू असता मान्यता देता येणार नाही, असे पंतप्रधानांनी सांगितले. युद्ध संपल्यावर ती मिळेल, असा अर्थ पुढाऱ्यांनी घेतला. लेखी असे काहीच नव्हते. पुढील साऱ्या अनर्थाचे मूळ या संदिग्धतेत आहे आणि ती केवळ अनवधानाने राहिली असेल, असे मानणे कठीण आहे. नवे आयुक्त जनरल मॅक्रेडी यांनी युनियनला वगळून पोलिसांची निर्वाचित प्रतिनिधिमंडळे उभी केली. सरकारची दिशा त्यावरूनच स्पष्ट व्हावयास हवी होती.

मार्च १९१९ मध्ये लॉर्ड डेझबरो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तोपर्यंत इंग्लंड व वेल्समधील बहुतेक पोलीस दलांचे वेतन स्थानिक संस्थांच्या मर्जीवर ठरत असे. शेजारच्या दोन शहरांतील शिपायांच्या वेतनात अंतर असे आणि काही ठिकाणी शिपायाची मिळकत अकुशल मजुराहूनही कमी भरे. सर्व दलांना एकच वेतनश्रेणी असावी आणि कॉन्स्टेबलचा आरंभ आठवड्याला ७० शिलिंगांनी होऊन ते वेतन ९० पर्यंत चढावे, अशी शिफारस समितीने केली. शिफारस उदार होती हे मान्य करावे लागेल. परंतु त्याच सुमारास संसदेत आलेल्या विधेयकाने युनियनचे सभासदत्व निषिद्ध ठरविले, पोलिसांत असंतोष पसरविणे हा दोन वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध केला आणि युनियनच्या जागी 'पोलीस फेडरेशन' ही वैधानिक संस्था आणली. सुपरिटेंडेंटहून खालच्या दर्जाच्या सर्वांसाठी असलेल्या या संस्थेला बाहेरील कोणत्याही संघटनेशी संबंध ठेवता येत नव्हता.

युनियनने १ ऑगस्ट १९१९ रोजी पुन्हा संप पुकारला. लंडनमध्ये केवळ १,१५६ जण बाहेर पडले. वेतन वाढणार हे कळल्यावर इतरांनी धोका पत्करला नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणेही न्याय्य होणार नाही. लिव्हरपूलमध्ये मात्र निम्म्याहून अधिक दल संपात उतरले. तेथे दुकानांची लूट झाली, सैन्य आले, मर्सी नदीत युद्धनौका आणण्यात आली. ज्या संपाने वेतनश्रेणीचा मार्ग मोकळा केला, त्यात मागे राहिलेल्यांनाही तिचा लाभ झाला. दुसऱ्या संपातील सर्व जण बडतर्फ झाले, निवृत्तिवेतनास मुकले आणि त्यांपैकी एकालाही परत घेण्यात आले नाही.

फेडरेशन दुबळे होते. सभासदांकडून ऐच्छिक वर्गणी गोळा करण्याची मुभाही त्यास १९५५ पर्यंत नव्हती. तरीही ओक्सी समितीनंतर (१९४८–४९) वाटाघाटींना व लवादाला स्थान मिळाले, १९७८ च्या एडमंड-डेव्हिस समितीने सरासरी ४५ टक्के वाढ सुचविली आणि १९८० मध्ये वैधानिक वाटाघाटी मंडळ आले. ते मंडळ इंग्लंड व वेल्सपुरते २०१४ मध्ये रद्द होऊन त्याची जागा वेतन-पुनरावलोकन मंडळाने घेतली. वाटाघाटीऐवजी निवेदन करणे एवढेच फेडरेशनच्या हाती उरले.

भारतीय अभ्यासकास यातील एक धागा विशेष महत्त्वाचा वाटेल. १९१९ च्या ब्रिटिश कायद्याची दोन अंगे होती, निषेध आणि प्रतिनिधित्व. पोलिसांतील असंतोषाविषयी १९२२ साली भारतात झालेल्या अधिनियमात पहिले अंग आले. फेडरेशनसारखी संस्था मात्र त्याने निर्माण केली नाही. सरकारने मान्यता दिलेल्या संघटनेच्या कार्याला त्यात संरक्षण आहे. मान्यता देणे वा न देणे हे मात्र सरकारच्याच हाती राहिले, आणि पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणाऱ्या १९६६ च्या अधिनियमानेही संघटनेपूर्वी परवानगीचीच अट घातली. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांच्या आंदोलनानंतर सैन्य उतरले, तेव्हा शिपायांच्या गाऱ्हाण्यांसाठी कायद्याने उभारलेले वाटाघाटीचे स्थान अस्तित्वात नव्हते.