परवान्याआधीची विद्या : महाराष्ट्रातील विशेष शिक्षणाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ नागपूरहून उमरेड ओलांडून पुढे गेले की मिरचीसाठी ख्यात असलेले भिवापूर लागते. अशा तालुक्याच्या गावातील एखादा पदवीधर म्हणाला, ‘विशेष शिक्षणात पदव्युत्तर अभ्यास करायचा आहे, पण शिक्षक व्हायचे नाही’, तर घरचा पहिला प्रश्न ठरलेला : मग त्याचा उपयोग काय? ही विद्या केवळ शिक्षकाच्या नोकरीसाठी असते, असे या प्रश्नात गृहीत धरलेले आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

२/ इ. स. १८०० मध्ये फ्रान्समधील आव्हेरों प्रांतात रानात वाढलेला, भाषा न येणारा एक मुलगा सापडला. त्याला शिकवण्याचे काम झाँ इतार या तरुण डॉक्टरने पॅरिसमध्ये हाती घेतले. मुलगा बोलू लागला नाही, परंतु त्या प्रयत्नांची काटेकोर नोंद राहिली. इतारचा शिष्य सेगँ याने ती पद्धत पुढे नेली. शतकाच्या अखेरीस रोममधील एका स्त्री-डॉक्टरने या दोघांचे लेखन मन लावून वाचले. त्या म्हणजे मारिया मॉन्टेसरी.

३/ मॉन्टेसरींनी ही साधने आधी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी वापरली आणि १९०७ मध्ये रोममधील बालगृहात सर्वच मुलांपुढे ठेवली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तेव्हा हीच परंपरा गुजराती-मराठी बालशिक्षणात आली. बोटाने गिरवायची खरखरीत अक्षरे आपल्या बालवाडीत पोहोचली ती अशी. या परंपरेच्या मुळाशी डॉक्टर आहेत. गिजुभाई तर पेशाने वकील होते.

४/ महाराष्ट्रातील आरंभही असाच. १८८० च्या दशकात मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा निघाली ती कॅथलिक धर्मसंस्थेच्या पुढाकाराने. १९०० मध्ये, दुष्काळाच्या छायेत, ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. दादरची कमला मेहता अंधशाळा ही तिचीच पुढची वाटचाल होय. त्या काळी या कामासाठी ना पदविका होती, ना नोंदवही.

५/ १९४४ मध्ये सार्जंट अहवालाने भारतीय शिक्षणाच्या योजनेत दिव्यांग मुलांचा विचार कागदावर मांडला. त्याच वर्षी मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली. तिला डाऊन सिंड्रोम होता आणि तिच्यासाठी योग्य अशी शाळा उपलब्ध नव्हती. ‘जय वकील’ हे नाव आज संस्थेचे वाटते. मुळात ते त्या मुलीच्या आईचे नाव आहे.

६/ १९६६ मध्ये जन्मलेल्या मालिनी या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. तिच्या आई मिठू अलूर यांनी लंडनमध्ये विशेष शिक्षणाचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये कुलाब्यात अवघ्या काही मुलांना घेऊन केंद्र सुरू केले. त्या शिकल्या कारण घरात एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर येथे कोणापाशी नव्हते. परवान्याची व्यवस्था तेव्हा भारतात अस्तित्वातच नव्हती.

७/ भिवापूरच्या शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यातील उदाहरण निराळ्या क्षेत्रातले, पण याच जातीचे आहे. वरोऱ्याचे बाबा आमटे व्यवसायाने वकील. त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. त्याने ते डॉक्टर झाले नाहीत आणि तसे व्हायचेही नव्हते. आपण ज्या माणसांबरोबर राहणार, त्यांचा रोग समजून घेणे एवढाच हेतू होता. त्याच आनंदवनात पुढे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळाही उभ्या राहिल्या.

८/ मग परवाना आला कधी? १९८६ मध्ये भारतीय पुनर्वास परिषद (आरसीआय) नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. १९९२ मध्ये संसदेने तिच्यासाठी कायदा केला आणि २२ जून १९९३ पासून ती वैधानिक संस्था झाली. विशेष शिक्षकांसह १६ प्रकारचे व्यावसायिक तिच्या कक्षेत आले. मान्य पात्रता नसताना आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली.

९/ या कायद्याकडे निव्वळ नोकरशाहीचा अडथळा म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. ज्या मुलाला आपल्यावर होणारा अन्याय शब्दांत सांगता येत नाही, त्याच्यापुढे कोण बसतो याची जबाबदारी कोणावर तरी असलीच पाहिजे. चुकीच्या पद्धतीत गेलेली बालपणाची चार-पाच वर्षे परत मिळत नाहीत. नोंदवही ही मुलाच्या संरक्षणासाठी आहे.

१०/ परंतु कायद्याला स्वतःचा पूर्वेतिहास ठाऊक होता. १९९३ च्या आधीपासून काम करणारे कित्येक जण पदविकेवाचून अनुभवाने तयार झालेले होते. त्यांना एका फटक्यात बाहेर काढता येत नव्हते. म्हणून परिषदेने त्यांच्यासाठी अल्पमुदतीचा ‘ब्रिज कोर्स’ आखला. विद्या परवान्याच्या आधी आली होती, याची ही शासकीय कबुलीच म्हणायची.

११/ कायद्याने बंधन घातले ते व्यवसायावर, अभ्यासावर नव्हे. व्यवहारात मात्र दोन्ही एक झाले. विशेष शिक्षणातील एम.एड.ला विशेष बी.एड. ही साधारणपणे पूर्वअट, म्हणजे वरच्या पायरीवर जायचे तर शिक्षकाच्या दारातूनच. ज्यांना शिक्षक व्हायचे नाही, त्यांच्यासाठी वाट राहिली ती शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ची किंवा समाजकार्याची. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत दिव्यांगत्वाचा अभ्यास समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा स्वतंत्र भाग झाला, तो याच दिशेने.

१२/ अशा अभ्यासाने काय साधते? अलूर यांनी पुढे लंडनमध्ये पीएच.डी. केली. त्यांचा विषय वर्गातील अध्यापन हा नव्हता, धोरण हा होता. एकात्मिक बालविकास योजना ‘सर्व बालकांसाठी’ असल्याचे सांगत असताना दिव्यांग बालके प्रत्यक्षात तिच्या बाहेर कशी राहतात, हे त्यांनी दाखवले. अंगणवाडीच्या दारात अडलेले मूल शोधण्यासाठी योजनेची कागदपत्रे वाचणारा अभ्यासक लागला.

१३/ दुसरे उदाहरण अध्ययन अक्षमतेचे. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. केंद्राच्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता आपल्या २१ प्रकारांच्या यादीत घेतली ती २०१६ मध्ये. मधल्या वीस वर्षांत सवलत कागदावर होती, पण ती मिळवण्यासाठी ‘हे मूल आळशी नाही’ हे आधी कोणाच्या तरी ध्यानात यावे लागे. शहरात ते तज्ज्ञाच्या ध्यानात येण्याची शक्यता होती. गावात ती संधी वर्गशिक्षकाला आणि आईवडिलांनाच होती.

१४/ २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. तालुक्यात हे शिक्षक बहुधा गट साधन केंद्राशी जोडलेले असतात आणि अनेक शाळांना आळीपाळीने भेट देतात. उरलेले दिवस ते मूल मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, अंगणवाडी सेविका आणि घर यांच्या हाती असते. यांपैकी कोणाकडेही नोंदवहीतील क्रमांक नसतो.

१५/ म्हणून ‘उपयोग काय’ या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. परवान्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही आणि येऊही नये. प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अभ्यासक्रम परिषदेच्या मान्य यादीत आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे. परंतु योजना तपासणारा अधिकारी, प्रमाणपत्रासाठी पालकांना वाट दाखवणारा कार्यकर्ता, शाळेच्या इमारतीचा आणि वेळापत्रकाचा निर्णय घेणारा मुख्याध्यापक, संशोधक, पत्रकार, आणि त्या मुलाची आई यांनाही हीच विद्या लागते.

१६/ वकील दांपत्याला १९४४ मध्ये ही विद्या कुठे मिळेल हे सांगणारे कोणी नव्हते. आज ती विद्यापीठांत आहे. ती केवळ शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांपुरती ठेवायची की भिवापूरसारख्या तालुक्यातील कोणत्याही जिज्ञासू पदवीधरासाठी खुली करायची, हा निर्णय मात्र अजून व्हायचा आहे.

(समाप्त)