कर्क्युमिन आणि मुखकर्करोगपेशींतील कॅल्शियम-संकेत

कर्क्युमिन : हळकुंडाला पिवळा रंग देणारे पॉलिफेनॉल संयुग. वाळलेल्या हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के असते. १८१५ मध्ये ते प्रथम वेगळे करण्यात आले; त्याची रेणुरचना १९१० मध्ये निश्चित झाली.

कोल्हापूर परिसरात मुखकर्करोगाचे कारण आणि हे संयुग दोन्ही शेतातच पिकतात. दक्षिणेला निपाणीची तंबाखूपेठ, पूर्वेला सांगलीची हळदपेठ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुराने अनेक पेवे निकामी केली. तंबाखू-चुना, मशेरी आणि महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा ही मुखकर्करोगाची इथली ठळक कारणे. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

कर्क्युमिन या रोगाच्या पेशींवर कसे काम करते, याचा एक धागा कॅल्शियमचा आहे. पेशीद्रव्यातले मुक्त कॅल्शियम पेशीबाहेरच्या मानाने सुमारे १०,००० पट कमी असते. (चुन्यातल्या कॅल्शियमशी याची गल्लत करू नये.) ही पातळी क्षणभर वाढली की पेशीला विभाजनाचा, हालचालीचा किंवा मृत्यूचा संकेत मिळतो. जादा कॅल्शियम आंतर्द्रव्यजालिकेत परत ओढणाऱ्या प्रथिन-पंपाला ‘सर्का’ म्हणतात. कर्क्युमिन हा पंप रोखते, असे २००१ मधील प्रयोगांत दिसले. पंप अडला की जालिकेतला साठा आटतो, तिथल्या प्रथिनांच्या घड्या बिघडतात आणि पेशीवर ताण येतो. तंतुकणिकांत कॅल्शियम प्रमाणाबाहेर शिरले, तर त्यांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते, कॅस्पेज विकरे जागी होतात आणि पेशी स्वतःला संपवते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मुखकर्करोगाच्या पेशींत कर्क्युमिनने असा नियोजित मृत्यू घडतो. त्यात कॅल्शियमचा वाटा किती, हे पेशीप्रकार आणि मात्रेनुसार बदलते.

खरी अडचण मात्रेची आहे. काचेच्या बशीत पेशींना बहुधा १० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त कर्क्युमिन दिले जाते. २००१ च्याच एका मानवी चाचणीत रोज ८ ग्रॅम पोटात घेऊनही रक्तातील सरासरी कमाल पातळी २ मायक्रोमोलरच्या आत राहिली. म्हणून हळदीचे दूध पिऊन गाठ विरेल, हा समज घातक आहे. त्यापायी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लांबवणे जिवावर बेतते. तोंडाच्या अस्तराला मात्र औषध थेट लावता येते. सुपारीमुळे तोंड उघडेनासे होते त्या तंतुमयता-विकारावर कर्क्युमिनच्या भारतात चाचण्या झाल्या असून जळजळ कमी झाल्याच्या नोंदी आहेत.