बंद पडलेली जावा आणि जोसेफ डे यांचे इंजिन

माझ्या वडिलांची जावा मोटारसायकल १९६८ सालची. ते सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत आणि रोज याच गाडीवरून शाळेत जात. १९९४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी ती घराच्या मागच्या सोप्यात उभी केली, वर एक जुने पोते टाकले आणि ‘दिवाळीत काढू’ असे म्हणाले. ती दिवाळी काही आली नाही. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही पोते बाजूला केले, तेव्हा मधे एकोणतीस वर्षे गेली होती.

वापरात नसलेले यंत्र जसेच्या तसे राहते, अशी आपली एक समजूत असते. झीज ही चालण्याने होते, तेव्हा न चालणाऱ्या यंत्राची झीज कशी होणार? पण यंत्र थांबले तरी रसायनशास्त्र थांबत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. माझे कामच ज्वलनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर आहे. तरीही पहिल्याच दिवशी मी जे केले ते कोणत्याही अडाण्याने केले असते. किक दबत नाही असे पाहिल्यावर मी तिच्यावर उभी राहिले आणि सगळे वजन टाकले. आतून ‘कट्’ असा आवाज आला. पिस्टनची एक रिंग मोडली होती.

गावातल्या वयस्क मिस्त्रींनी हे ऐकून कपाळाला हात लावला. “ताई, आधी तेल पाजायचं असतं,” एवढेच ते म्हणाले. त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून रॉकेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण आत ओतले आणि चार दिवसांनी यायला सांगितले.

इंजिन जाम का झाले, याचे उत्तर शोधताना मी या इंजिनाच्या इतिहासात शिरले. कारण हा गंज कुठल्याही इंजिनात असा लागत नाही. तो या इंजिनाच्या रचनेतच लिहिलेला आहे.

जावाचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे. शाळेत आपण जे चार धावांचे इंजिन शिकवतो, त्यात मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे या प्रत्येक कामाला पिस्टनची एक वेगळी धाव असते, आणि दारे उघडण्या-मिटण्यासाठी झडपा लागतात. हेच काम दोन धावांत उरकता येईल का, हा विचार जुना आहे. स्कॉटलंडमधील ड्यूगल्ड क्लार्क यांनी १८८१ साली अशा इंजिनाचे पेटंट घेतले. पण ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलण्यासाठी त्यांना एक स्वतंत्र पंप जोडावा लागला होता.

हा पंप काढून टाकला तो इंग्लंडमधील बाथ या गावच्या जोसेफ डे यांनी. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट अगदी साधी होती. पिस्टनची वरची बाजू काम करते, तेव्हा त्याची खालची बाजू रिकामीच असते. मग तिलाच पंप का करू नये? पिस्टन वर जाताना त्याच्याखालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, ताजे मिश्रण ओढले जाते. तो खाली येताना ते दाबले जाते आणि सिलिंडरच्या भिंतीतील एका वाटेने वर चढते. डे यांचे पेटंट १८९१ चे आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे काम करणाऱ्या फ्रेडरिक कॉक यांनी आत येण्याची वाटही पिस्टनच्याच कडेने उघडेल-मिटेल अशी केली, आणि उरलेली एक झडपही गेली. आता हलणारे मुख्य भाग तीनच राहिले : पिस्टन, त्याचा दांडा आणि क्रँक. झडपा नाहीत, त्यांना उचलणारे कॅम नाहीत, स्प्रिंगा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला पाडलेली भोके हीच दारे आणि पिस्टन हाच दारवान.

दाराला कडी मात्र नाही! पिस्टन खालच्या टोकाला येऊन थांबला, तर धूर बाहेर जाण्याचे भोक उघडेच राहते. आमच्या जावाचे नेमके हेच झाले होते. एकोणतीस पावसाळ्यांची दमट हवा सायलेन्सरमधून थेट सिलिंडरपर्यंत पोहोचत राहिली. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्याला तांबेरा चढत नाही. पण सिलिंडर आणि रिंगा बिडाच्या. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो, आणि इथे जागा होती मिलिमीटरच्या काही शतांशांची. क्रँकचे बेअरिंग मात्र शाबूत निघाले. या इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, कारण क्रँककेस ही मिश्रणाची वाट असल्याने तिथे तेल साठवून ठेवता येत नाही. पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे पाच लिटरला दोनशे मिलिलिटर, हे माप वडील कधी चुकले नाहीत. शेवटच्या फेरीतल्या तेलाचा पातळ थर बेअरिंगवर तसाच चिकटून होता.

डे यांच्या रचनेत एक मोठा दोष राहिला होता. ताजे मिश्रण आत येते आणि जळका धूर बाहेर जातो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. समोरासमोरच्या दोन दारांपैकी एकातून आत आलेला माणूस सरळ दुसऱ्यातून बाहेर पडावा, तसे ताजे मिश्रण धुरासोबत निघून जाई. म्हणून पिस्टनच्या माथ्यावर एक उंचवटा ठेवीत, म्हणजे मिश्रण त्याला धडकून वर वळेल. पण असा पिस्टन जड होई आणि त्याचा उंचवटा फार तापे. १९२५ च्या सुमारास जर्मन अभियंते आडोल्फ श्न्यूर्ले यांनी दुसरा मार्ग काढला. दोन बाजूंच्या दोन वाटांमधून मिश्रणाचे झोत तिरपे, धुराच्या दाराकडे पाठ करून सोडायचे. ते मागच्या भिंतीजवळ एकमेकांना भेटतात, वर चढतात आणि वळसा घेऊन खाली येतात. आता पिस्टनचा माथा जवळजवळ सपाट ठेवता येऊ लागला. जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीने ही पद्धत मोटारसायकलींना लावली. १९३९ साली आलेल्या तिच्या आरटी १२५ या छोट्या गाडीचे नशीब फार विलक्षण. महायुद्धात जर्मनी हरल्यावर तिचे आराखडे विजेत्यांच्या हाती पडले, आणि तीच गाडी इंग्लंडमध्ये बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची १२५, मॉस्कोत एम-१ए या नावांनी रस्त्यावर आली. १९५५ साली यामाहाने बनविलेली पहिली मोटारसायकलही तिच्याच नमुन्यावरची होती.

जावाची कथा याला समांतर जाते. प्रागचे शस्त्रनिर्माते फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले. यानेचेकमधला ‘जा’ आणि वाँडररमधला ‘वा’ मिळून जावा हे नाव झाले. इंडोनेशियातील बेटाशी त्याचा संबंध नाही, जरी आमच्या वर्गात तसे सांगणारा एक मुलगा होता. पहिली पाचशे सीसीची गाडी महाग पडली. जागतिक मंदीचे दिवस होते. मग १९३२ मध्ये त्यांनी इंग्लिश व्हिलियर्स कंपनीचे टू-स्ट्रोक इंजिन बसवलेली स्वस्त गाडी काढली आणि कारखाना तगला. जर्मन अमलाखाली मोटारसायकलींचे संशोधन बंद असताना तिथल्या अभियंत्यांनी लपूनछपून अडीचशे सीसीची नवी गाडी तयार केली. पेराक नावाची ती गाडी १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. जोसेफ डे यांचा मृत्यू त्याच वर्षी झाला. त्यांचा उद्योग त्याआधीच बुडाला होता, आणि त्यांच्या कल्पनेवर चाललेल्या लाखो इंजिनांशी त्यांचे नाव जोडणारे लोक थोडेच होते.

पेराकच्या पुढच्या पिढीतली गाडी भारतात आली. मुंबईचे रुस्तम आणि फारुख इराणी जावा आयात करीत. आयातीवर बंधने आल्यावर त्यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे उत्पादन सुरू झाले. १९७३ पासून त्याच गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या. पोलंडच्या नमुन्यावरची राजदूत, इटलीच्या परवान्यावर पुण्यात बनणाऱ्या बजाजच्या स्कूटर, पुढे १९८५ ची यामाहा आरएक्स १००, या सगळ्या टू-स्ट्रोकच. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक दुचाक्या डे आणि श्न्यूर्ले यांच्या कल्पनांवर धावत होत्या. तालुक्याच्या गावी एखादा पाना-पक्कड घेऊन बसलेला तरुण त्या उघडून पुन्हा जोडू शकत होता. त्यातूनच आमच्या मिस्त्रींसारखी माणसे तयार झाली.

मिस्त्रींनी चार दिवसांनी सिलिंडर अलगद उचलला. पिस्टनच्या एका बाजूला उभे ओरखडे होते, पण ते गंजाचे नव्हेत, जुने होते. कधीतरी वडिलांची गाडी ‘पकडली’ होती. हे गणित वर्गात करून घेण्यासारखे आहे. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर. पिस्टनचे तापमान २०० अंशांनी वाढले आणि त्या मिश्रधातूचा प्रसरणांक अंशाला दशलक्षांश २० धरला, तर व्यास ०.२६ मिलिमीटरने वाढतो. बिडाचा प्रसरणांक ११. सिलिंडर १२० अंशांनी तापला, तर तो ०.०९ मिलिमीटरहून थोडा कमीच फुगतो. उरलेला फरक कुठेतरी सामावला पाहिजे. म्हणून पिस्टन वरच्या बाजूला, जिथे तो सर्वांत जास्त तापतो, मुद्दाम किंचित बारीक घडवतात. तेल कमी पडले किंवा क्रँककेसच्या रबरी सीलमधून फाजील हवा शिरून मिश्रण पातळ झाले, की तापमान वाढते आणि हा हिशेब चुकतो. आमचे सील लाकडासारखे कडक झाले होते. डे यांचा सगळा पंप या दोन काळ्या कड्यांवर टिकून असतो. ती बदलली नसती तर नवा पिस्टनही गेला असता.

टाकीत गंज होता आणि तळाशी मधासारखा चिकट थर. पेट्रोलमधील असंपृक्त हायड्रोकार्बन हवेतला ऑक्सिजन घेत घेत एकमेकांना जोडले जातात आणि त्याचा डिंक होतो. क्रिकेटच्या बॅटला लावलेले जवसाचे तेल सुकून घट्ट होते, ते याच जातीच्या क्रियेने. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक मिलिमीटरहून बारीक, ते या डिंकाने पार बुजले होते. गंज काढण्याची विद्युत्-अपघटनाची पद्धत शाळेत जरूर दाखवा, पण गंजक्या खिळ्यावर, पेट्रोलच्या टाकीवर नव्हे. धुण्याच्या सोड्याचे द्रावण, ऋण टोकाला गंजका खिळा, धन टोकाला साध्या लोखंडाची पट्टी आणि बारा व्होल्ट. हायड्रोजन निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरते.

सिलिंडर बोअर करून, मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा घालून दोन महिन्यांनी गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अंगण निळ्या धुराने भरले.

त्या धुरात उभे राहून मला बरे वाटले आणि वाईटही. श्न्यूर्ले यांच्या वळशाने गळती कमी झाली, संपली नाही. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये वेग आणि भार यांनुसार ताज्या मिश्रणाचा पाव ते एक तृतीयांश भाग न जळताच बाहेर पडू शकतो. वर तेलाचा धूर वेगळाच. वडिलांनी भरलेल्या दर चार लिटरमागे लिटरभर पेट्रोल असे हवेत गेले असेल, आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या मुलांनी ते श्वासात घेतले असेल. ही गळती म्हणजे गाडीतला बिघाड नव्हता. नवी कोरी गाडीही तेच करी. जो साधेपणा खेड्यातल्या मास्तरांना परवडला, त्याचीच ही दुसरी बाजू होती. भारतात दुचाक्यांच्या धुरावर पहिली बंधने १९९१ साली आली, ती १९९६ आणि २००० मध्ये कडक झाली, आणि हळूहळू चार धावांची इंजिने सर्वत्र आली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्याची कारणे अनेक होती, सगळा दोष धुराच्या नियमांवर टाकता येणार नाही. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण त्या नावाच्या नव्या गाड्यांची इंजिने चार धावांची आहेत.

पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याची सोय २०२१ च्या नियमांनी झाली आहे. अशी गाडी प्रदर्शनासाठी, फेरीसाठी, दुरुस्तीसाठी काढता येते, रोजच्या वापरासाठी नाही. मला ही अट योग्य वाटते. आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तिच्या जुन्या रबराचे आणि बुचाचे काय होईल, ही काळजी आहेच. म्हणून प्रत्येक वेळी टाकी रिकामी करून ठेवायची, असे मिस्त्रींनी बजावले आहे. आणि पिस्टन वरच्या टोकाला नेऊन थांबवायचा, म्हणजे धुराचे दार मिटलेले राहील.

ओरखडे पडलेला जुना पिस्टन माझ्या टेबलावर आहे. असे पिस्टन आणि सिलिंडर कोणत्याही जुन्या गॅरेजच्या मागच्या अंगणात भंगारात पडलेले असतात, मागितले तर मिळतात. सिलिंडरमध्ये पिस्टन हाताने वर-खाली करून आतून विजेरी लावली, तर कोणते दार केव्हा उघडते हे मुलांना बाहेरून दिसते. बाजूच्या दोन वाटा सरळ नसून तिरप्या का आहेत, हे मात्र लगेच सांगू नका. आधी त्यांनाच विचारा.